ओसरीचं भाडं : अमेरिकेची हजार डॉलरची फी नेमकी कुणाला?

वसुबारसेच्या आदल्या दिवशी शेजारच्या वहिनी मोबाइल हातात घेऊनच आमच्याकडं आल्या. हाताला चकलीच्या पिठाचा वास, पण चेहरा पार उतरलेला.

"भाऊजी, हे वाचा जरा. आमच्या पोराला तिकडं पॅरोल लागलाय म्हणं. हजार डॉलर भरल्याबिगर आत घेणार नाहीत. काय केलं असंल हो त्यानं?"

ज्याच्याबद्दल ही चौकशी चालली होती, तो मुलगा त्या वेळी त्यांच्याच मागच्या खोलीत झोपला होता. न्यू जर्सीत सॉफ्टवेअरचं काम करतो, दिवाळीसाठी विश्रामबागेत आलेला. दिवसा झोप आणि रात्री दोन वाजता भडंगाचा डबा उघडायचा, असं त्याचं आठवडाभर चाललं होतं. गुन्हा म्हणावा तर एवढाच.

फॅमिली ग्रुपवर आलेला मेसेज असा होता : '१६ ऑक्टोबरपासून अमेरिकेत परत जाणाऱ्या प्रत्येक भारतीयाला १,००० डॉलर पॅरोल फी. सर्वांना कळवा.' तारीख बरोबर होती, रक्कमही बरोबर होती. 'प्रत्येक भारतीयाला' हे मात्र साफ चूक. असे अर्धे खरे मेसेज निव्वळ खोट्यापेक्षा जास्त त्रास देतात, कारण तारीख तपासून बघणाऱ्याला ती खरी सापडते आणि मग तो उरलेल्यावरही विश्वास ठेवतो.

बँकेतून निवृत्त झाल्यापासून गल्लीतल्या लोकांचे पासपोर्टचे आणि व्हिसाचे फॉर्म भरून देण्याचा उद्योग मी मागे लावून घेतलाय. मी वकील नाही. पण त्या दिवशी वहिनींना जे सांगितलं, तेच नंतर आणखी चार घरांत सांगावं लागलं, म्हणून एकदा लिहूनच काढतो.

पॅरोल म्हणजे कळंबा तुरुंग नव्हे

आपल्याकडं पॅरोल म्हटलं की कळंब्याचा कैदी आठवतो. बहिणीच्या लग्नाला सुटून आलेला, आणि मांडवाच्या दारात साध्या वेशातला पोलीस. वहिनींच्या डोळ्यांसमोर नेमकं तेच आलं होतं.

मूळ शब्द फ्रेंच आहे आणि त्याचा अर्थ नुसता 'शब्द'. दिलेला शब्द, जबान. 'मी ठरल्या वेळी परत येतो' असा शब्द घेऊन सोडायचं, तो पॅरोल. तुरुंगवाल्यांनी हा शब्द आपल्या कामाला घेतला आणि अमेरिकेच्या परदेशी नागरिकांविषयीच्या कायद्यानं आपल्या. तिथं त्याचा अर्थ असा : व्हिसाच्या नेहमीच्या चौकटीत न बसणाऱ्या माणसाला तातडीच्या माणुसकीच्या कारणासाठी किंवा देशाच्या मोठ्या हितासाठी, ठरावीक मुदतीपुरतं देशात येऊ देणं. गुन्ह्याशी त्याचा संबंध नाही. यापुढं मी त्याला नुसतं 'मुभा' म्हणतो, म्हणजे तुरुंग डोक्यात येणार नाही.

१९५२ च्या कायद्यानं ही मुभा देण्याचा अधिकार तिथल्या सरकारला दिला. १९५६ साली हंगेरीत उठाव चिरडला गेला, तेव्हा व्हिसाचा कोटा पुरणार नव्हता म्हणून सुमारे ३२ हजार हंगेरियन लोकांना अशा मुभेवर आत घेतलं. पुढं व्हिएतनामी, क्युबन, आणि २०२२ पासून युक्रेनचे लोकही याच वाटेनं आले.

आत आहे, पण घरात नाही

आता यातला सगळ्यात चमत्कारिक भाग. तो कळला की फीचं कोडं निम्मं सुटतं.

जुना वाडा आठवा. पावसात अडकलेला वाटसरू आला तर आपण त्याला ओसरीवर बसवतो. कोरडा टॉवेल देतो, चहा देतो, रात्र झाली तर घोंगडंही देतो. दिंडी दरवाजाच्या तो आत आला, डोक्यावर छप्पर आपलंच. पण त्याला माजघरात घेतलेलं नसतं. सकाळी 'पाऊस थांबला, आता निघा' म्हणायला यजमानाला फार कारण द्यावं लागत नाही. पाहुणा म्हणून ज्याला आत पाट मांडून बसवलं, त्याला मात्र असं उठवता येत नाही.

अमेरिकेचा कायदा हाच फरक करतो. व्हिसावर आलेल्या माणसाला विमानतळावर रीतसर 'दाखल' करून घेतात. मुभेवर आलेला माणूस देशात असतो, तिथली हवा खातो, परवाना मिळाला तर नोकरीही करतो, पण कायद्याच्या नजरेत तो अजून उंबऱ्यावरच उभा असतो. हे किती टोकाला जाऊ शकतं त्याचं उदाहरण १९२५ च्या एका निकालात आहे. लहानपणी आलेल्या एका मुलीला प्रवेश नाकारला होता, पण पहिलं महायुद्ध सुरू झाल्यामुळं परत पाठवता येईना. तिला बाहेर सोडलं आणि ती कित्येक वर्षं अमेरिकेत बापाजवळ राहिली. पुढं बाप नागरिक झाला. तरी तिथलं सर्वोच्च न्यायालय म्हणालं की कायद्यानं ही मुलगी अजून सीमेवरच आहे, देशात आलेलीच नाही. बापाच्या घरात राहून!

म्हणून या हजार डॉलरना मी ओसरीचं भाडं म्हणतो. ते भरलं म्हणून माजघराचा हक्क मिळत नाही. आजवर या बैठकीला असं वेगळं भाडं नव्हतं, आता लागलंय, एवढीच बातमी.

पैसा एकच, जाती चार

फी ऐकली की आपण आकडा विचारतो. मी आधी फीची जात विचारतो.

एक असते कामाची फी. सेतू केंद्रात उत्पन्नाचा दाखला काढताना देतो ती. कुणीतरी अर्ज तपासणार, शिक्का मारणार, त्याचा खर्च. ही परत मिळत नाही, दाखला नाकारला तरी नाही. एमपीएससीची परीक्षा फी नापास झालेल्या पोराला परत मिळते का? तसंच. व्हिसाचा अर्ज फेटाळला म्हणून 'माझे पैसे खाल्ले' असं म्हणणारे खूप भेटतात. ते पैसे अर्ज बघण्याचे होते, 'हो' म्हणण्याचे नव्हते. अमेरिकेत अशा अर्जांचं काम बघणाऱ्या खात्याचा जवळपास ९६ टक्के खर्च अर्जदारांच्या फीमधूनच निघतो, तिथल्या करदात्याच्या खिशातून नाही.

दुसरी अनामत. गॅसच्या सिलिंडरची असते तशी, नीट वागलात की परत. तिसरा टोल. तासवडेच्या नाक्यावर गाडी थांबवून कुणी तुमची सेवा करत नाही, जायचंय म्हणून द्यायचे. आणि चौथी गर्दी आवरण्याची फी. फुलांच्या हंगामात कास पठारावर नोंदणी, शुल्क आणि रोज किती लोकांना सोडायचं याची मर्यादा असते ना, तिथं पैशापेक्षा पाय कमी पडावेत हा हेतू असतो. भूतान तेच करतो. भारतीय पर्यटकाकडून माणशी एका रात्रीचे १,२०० रुपये आणि इतर परदेशी लोकांकडून १०० डॉलर.

घोटाळा होतो तो एकाच जातीच्या नावाखाली दुसरी वसूल केली की. नाव कामाच्या फीचं आणि आकडा गर्दी आवरण्याचा.

मग हे हजार डॉलर कुठल्या जातीचे?

४ जुलै २०२५ ला अमेरिकेत एक जाडजूड कायदा सही होऊन झाला. नाव 'वन बिग ब्यूटिफुल बिल'. हा मुळात जमाखर्चाचा कायदा. एरवी तिथल्या सिनेटमध्ये वादाचं विधेयक पुढं न्यायला शंभरातले साठ सदस्य लागतात, पण जमाखर्चाच्या वाटेनं गेलं की साधं बहुमत पुरतं. अट एवढीच की त्यातल्या कलमांचा तिजोरीशी संबंध हवा. फी लावली की तिजोरीशी संबंध आपोआप आलाच! म्हणून परदेशी लोकांवरच्या कितीतरी नव्या फिया या एकाच कायद्यात सापडतात. आश्रय मागण्याच्या अर्जावरही १०० डॉलर लागले, आणि तो अर्ज पडून राहिला तर दर वर्षाचे आणखी १००.

त्यातली एक म्हणजे मुभेची फी, १,००० डॉलर. वसुली १६ ऑक्टोबर २०२५ पासून, आणि महागाईनुसार दरवर्षी वाढ, त्यामुळं १ जानेवारी २०२६ पासून आकडा १,०२० झाला. अर्ज करताना ही द्यायची नसते. मुभा मंजूर झाली की मग द्यायची. अर्जाची कामाची फी वेगळी, कागदी अर्जाला ६३० डॉलर. म्हणजे नाकारलेल्या माणसाचे ६३० जातात, हजार वाचतात. मुदत वाढवून घेतली तर वाढीव मुभेलाही पुन्हा हजार.

आता जात बघा. काम बघण्याचे पैसे तर ६३० मध्ये आलेच. नीट वागलं म्हणून हजार परत मिळत नाहीत, म्हणजे अनामतही नाही. उरले टोल आणि कास. माझ्या मते ही दोघांची भेळ आहे. डॉलर ८८ रुपये धरला तर ८८ हजार रुपये झाले. आपल्या हिशेबात सांगायचं तर २०२५-२६ च्या एफआरपीनं, म्हणजे सरकारनं ठरवलेल्या उसाच्या दरानं, टनाला ३,५५० धरून, जवळपास २५ टन ऊस. ओसरीवर बसण्याचे.

माफी कुणाला?

कायद्यातच माफीची यादी आहे आणि ती वाचण्यासारखी आहे. जिवावर बेतलेलं आजारपण असून व्हिसाची वाट बघायला वेळ नाही, किंवा आपल्या देशात त्यावर उपचारच होत नाहीत, असा रुग्ण. तो लहान मूल असेल तर सोबत जाणारे आईबाप. अवयवदान करायला जाणारा. अगदी जवळच्या माणसाचे शेवटचे दिवस आहेत किंवा त्याच्या अंत्यविधीला वेळेत पोचायचंय आणि रीतसर व्हिसा त्या वेळात मिळणार नाही, असा नातेवाईक. अशा आणखी काही.

गरिबी हे कारण त्या यादीत नाही. मरण चालतं, मोकळा खिसा चालत नाही. मला हे खटकतं.

आणि याच यादीत एक ओळ आहे जिच्यासाठी वहिनी आमच्याकडं आल्या होत्या. ग्रीन कार्डाचा अर्ज करून ठेवलेला आणि तात्पुरता बाहेर जाऊन परत येणारा माणूस.

वहिनींच्या मुलाचं काय झालं

ग्रीन कार्ड म्हणजे अमेरिकेत कायम राहण्याचा परवाना. नोकरीच्या वाटेनं मिळणाऱ्या ग्रीन कार्डांत कुठल्याही एका देशाच्या वाट्याला साधारण ७ टक्क्यांहून जास्त जात नाहीत. देश चिमुकला असो की भारताएवढा. त्यामुळं आपल्या लोकांची रांग पंढरपूरच्या आषाढीसारखी. बारीवर उभं राहायचं आणि मुखदर्शनावर समाधान मानायचं.

रांगेत बरंच पुढं गेल्यावर शेवटचा अर्ज भरता येतो. तो भरला आणि निकालाआधीच माणूस देशाबाहेर गेला, तर अर्ज सोडून दिला असं धरतात. तसं होऊ नये म्हणून जाण्याआधीच परतीची मुभा लिहून घ्यायची, हिला 'ॲडव्हान्स पॅरोल' म्हणतात. एच-वन बी म्हणजे नोकरीच्या व्हिसावर असलेल्यांना हिची गरज नसते, ते आपल्या व्हिसावरच आत-बाहेर करतात. वहिनींच्या मुलानं मध्ये नोकरी बदलताना तो व्हिसा सोडला होता, म्हणून त्याच्याकडं हा कागद होता. कागदावर इंग्रजीत मोठ्या अक्षरांत 'पॅरोल'. आईनं तो मोबाइलवर बघितला आणि त्याच दिवशी ग्रुपवर मेसेज आला. एवढं पुरेसं झालं.

त्याला हजार डॉलर लागत नाहीत. पण कामाची फी ही वेगळी गोष्ट. ग्रीन कार्डाचा अर्ज १ एप्रिल २०२४ ला किंवा नंतर भरलेल्यांना या कागदासाठी ६३० डॉलर द्यावे लागतात. त्याआधी, २००७ च्या जुलैअखेरीपासून, पूर्ण फी भरून अर्ज केलेल्यांना तेही नाहीत. हा पठ्ठ्या ऑक्टोबर २०२० चा अर्जदार. त्या महिन्यात रांग अचानक बरीच पुढं सरकली होती आणि आपल्या हजारो पोरांनी घाईघाईनं अर्ज टाकले होते. म्हणजे याला दोन्हीकडून शून्य.

"मग हा मेसेज पाठवणाऱ्यानं एवढं का नाही लिहिलं?" वहिनी म्हणाल्या. आता काय सांगणार?

आम्ही म्हातारा-म्हातारी नातवंडाला बघायला जाणार, आम्हालाही लागतील का?

नाही. तुम्ही टुरिस्ट व्हिसावर जाता, मुभेवर नाही. तुमचा हिशेब वेगळा आहे, आणि हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारतात म्हणून जरा सविस्तर सांगतो.

अर्जाची फी माणशी १८५ डॉलर. २०२३ च्या जूनपर्यंत ती १६० होती. दोघांचे ३७० डॉलर, म्हणजे साडेबत्तीस हजार रुपये. शिवाय महालक्ष्मी एक्सप्रेसचं जाणं-येणं, मुंबईतली एखादी रात्र, एक फेरी बोटांच्या ठशांची आणि एक वकिलातीतल्या मुलाखतीची. २ सप्टेंबर २०२५ पासून ७९ च्या पुढच्या लोकांनाही मुलाखतीतून सरसकट सूट राहिलेली नाही, त्यामुळं आजोबांना घेऊन जायचं तर तब्येतीचा विचार आधी करा. भरलेली फी साधारण एक वर्ष चालते, तेवढ्यात मुलाखतीची वेळ घेतली पाहिजे.

याच्यावर त्याच जुलैच्या कायद्यानं आणखी २५० डॉलर सांगितलेत. नाव 'व्हिसा इंटेग्रिटी फी', म्हणजे सचोटीची फी म्हणा. ही व्हिसा मंजूर झाल्यावर द्यायची, आणि हिची जात अनामतीची. मुदतीत परत आलात, बेकायदा काम केलं नाहीत, तर परत मिळू शकते. ऐकायला बरं वाटतं. पण कायद्यातली मेख अशी की परतावा मागायचा तो व्हिसाची मुदत संपल्यावर. आणि भारतीयांना टुरिस्ट व्हिसा मिळतो बहुतेकदा दहा वर्षांचा! सत्तरीतल्या आजींनी अनामत ठेवायची आणि ऐंशीव्या वर्षी परत मागायची, बिनव्याजी. आमच्या बँकेत कुणी अशी ठेव योजना काढली असती तर ग्राहकानं पासबुक तोंडावर फेकलं असतं.

कायदा झाला त्याच दिवसापासून ही अनामत वसूल व्हायला लागली नाही. म्हणून ऐकीव आकड्यावर जाऊ नका. पैसे भरताना वकिलातीच्या सरकारी पानावर जो आकडा दिसेल तो खरा. ती धरली तर दोघांचा खर्च ३७० वरून ८७० डॉलरवर जातो, म्हणजे सुमारे साडेशहात्तर हजार रुपये.

दहा वर्षांचा व्हिसा म्हणजे दहा वर्षं राहण्याची परवानगी नव्हे, हेही इथंच सांगतो. व्हिसा ही दारापर्यंत जायची चिठ्ठी. किती दिवस राहायचं ते विमानतळावरचा अधिकारी ठरवतो, टुरिस्टला साधारण सहा महिने. 'व्हिसा २०३४ पर्यंत आहे की' म्हणून सात महिने राहिलेल्या एका आजोबांना पुढच्या खेपेला काय काय ऐकावं लागलं, ते त्यांनी मला दोनदा सांगितलंय.

आणि ते एक लाख डॉलर?

तो वेगळाच प्रकार. १९ सप्टेंबर २०२५ ला राष्ट्राध्यक्षांनी हुकूम काढला की एच-वन बी साठीच्या नव्या अर्जामागं एक लाख डॉलर, आणि अंमल दीड दिवसात. आपल्याकडं पितृपक्षाचा शेवटचा शनिवार उजाडला होता. सर्वपित्रीच्या जेवणाची तयारी सोडून लोक विमानाची तिकिटं शोधत होते. नंतर खुलासे आले : आधीपासून व्हिसा असलेल्यांना नाही, नूतनीकरणाला नाही, अमेरिकेतच राहून विद्यार्थ्याचा एच-वन बी होणाऱ्याला नाही. बाहेरून नव्यानं आणायच्या माणसासाठी, आणि तेही कंपनीनं भरायचे. कासच्या जातीची, तीही भिंतीएवढी उंच.

"सगळेच देश घेतात. आपणही घेतोच की!"

घेतो. भारताचा पर्यटकांचा ई-व्हिसा बऱ्याच देशांना ३० दिवसांसाठी २५ डॉलरला मिळतो, एप्रिल ते जून या उन्हाळ्यात तर १० डॉलरला. पाच वर्षांचा ८० डॉलरला. युरोपातल्या शेंगेन देशांचा अर्ज ११ जून २०२४ पासून ९० युरोंचा आहे. ब्रिटन सहा महिन्यांपेक्षा जास्त राहायला जाणाऱ्यांकडून व्हिसाशिवाय आरोग्यसेवेचा अधिभार घेतं, वर्षाला १,०३५ पौंड, विद्यार्थ्यांना ७७६. पण तिथं एक नीट गोष्ट आहे : व्हिसा नाकारला तर अधिभार परत मिळतो, कारण सेवा घेतलीच नाही. ऑस्ट्रेलियानं विद्यार्थी व्हिसाची फी जुलै २०२४ मध्ये १,६०० डॉलर केली आणि वर्षभरात २,०००. त्यांचे डॉलर, पण तरी बापाच्या छातीत कळ यावी एवढे.

तेव्हा 'अमेरिकाच तेवढी लुटते' हे खरं नाही. घर त्यांचं आहे, भाडं लावायचा अधिकारही त्यांचा. माझी तक्रार जातीबद्दल आहे. कामाचे घेताय, अनामत घेताय की पाय कमी करताय, ते नावातच सांगा.

"गर्दी आवरायला फी लावली तर बिघडलं कुठं?"

कास पठारावर काही बिघडत नाही, कारण फुलं बघायला न मिळाल्यानं कुणाचं आयुष्य अडत नाही. माणसांच्या येण्याजाण्यावर हाच उपाय जुना आहे. अमेरिकेनं १८८२ साली बोटीनं येणाऱ्या माणसामागं ५० सेंट लावले, ते वाढत १९१७ साली ८ डॉलर झाले. कॅनडानं १८८५ मध्ये फक्त चिनी लोकांवर माणशी ५० डॉलरचा डोईपट्टी कर बसवला, तो १९०३ मध्ये ५०० वर नेला. एवढं करूनही लोक येतच राहिले, घरं गहाण टाकून, सावकाराचं कर्ज काढून. शेवटी १९२३ मध्ये कायद्यानं दारच बंद केलं. त्या कराबद्दल कॅनडाच्या सरकारनं २००६ साली संसदेत माफी मागितली.

फीनं माणूस थांबतो की नाही ते त्याच्या गरजेवर ठरतं. फिरायला जाणारा थांबतो. जळत्या घरातून पळालेला थांबत नाही, तो कर्ज काढतो. आणि ही मुभा बहुतेकदा दुसऱ्या प्रकारच्या माणसासाठी असते.

एजंटानं 'पॅरोल फी' मागितली तर?

देऊ नका. भारतात बसून एजंटाला द्यायची अशी कुठलीही फी नाही. मुभा मंजूर झाल्यावर ती अमेरिकेच्या सरकारला द्यायची असते आणि कधी, कशी भरायची ते सरकारच कळवतं. ज्या संकेतस्थळाच्या पत्त्याच्या शेवटी 'डॉट जीओव्ही' आहे तेच तिथल्या सरकारचं.

मी हे ठासून सांगतो कारण मी स्वतः फसलोय. मुलीच्या पहिल्या बाळंतपणाला आम्ही दोघं निघालो तेव्हा एकानं आमच्याकडून 'वकिलातीची तातडी फी' म्हणून बारा हजार घेतले होते. अशी फी नसतेच. तातडीची मुलाखत मागता येते, कारण पटलं तर मिळते, आणि तिला वेगळे पैसे लागत नाहीत. तीस वर्षं कॅश काउंटरवर नोटा मोजलेला माणूस मी, पण पावती मागायचं सुचलं नाही. तेव्हापासून गल्लीतले फॉर्म मी फुकट भरतो.

वहिनींचा मुलगा भाऊबीज करून गेला. बॅगेत भडंग, चकल्या आणि घरच्या हळदीची पुडी. तिकडच्या विमानतळावर त्याला रांगेतून काढून आतल्या खोलीत बसवलं, तासभर. मुभेवर येणाऱ्यांना तसं बसवतातच, हे मी आधी सांगून ठेवलं होतं म्हणून वहिनी रात्री फोनपाशी जाग्या असल्या तरी घाबरल्या नाहीत. पैसे कुणी मागितले नाहीत. हळदीबद्दल मात्र दोनदा विचारलं.

दुसऱ्या दिवशी त्यानं पासपोर्टवरच्या शिक्क्याचा फोटो आईला पाठवला. 'पॅरोल्ड', खाली मुदतीची तारीख. वहिनींनी तो मला दाखवला आणि मोबाइल पालथा घातला.

"हे बघा भाऊजी, तुम्हाला कळलं, मला कळलं. पण ग्रुपवर टाकू नका. त्याचं अजून लग्न व्हायचंय."